कोकणातील वीजवाहिन्या आणि चक्रीवादळे : प्रस्तावना

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत, जमिनीवर आले. आणि त्यानंतरच्या काही तासांत मुरूड-म्हसळ्यापासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या मुलुखात नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर विजेचे जे जाळे जमीनदोस्त झाले, ते पुन्हा कसे उभे राहिले, कोणत्या क्रमाने उभे राहिले आणि उभे राहताना पूर्वीपेक्षा बळकट झाले की नाही, हा पुढील पृष्ठांचा विषय आहे. पडलेल्या घरांचे पंचनामे झाले, उन्मळलेल्या झाडांची मोजदाद झाली, नुकसानभरपाईच्या याद्या तालुक्याच्या कचेरीत लागल्या. परंतु वीजवाहिन्यांच्या पुनरुभारणीची कैफियत मात्र सविस्तर अशी मराठीत फारशी लिहिली गेली नाही. दिवे लागले त्या दिवशी लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो विषय तेथेच मिटला. तो तेथे मिटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ही प्रस्तावना समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भोपाळच्या साकेत नगरात बसून लिहिली जात आहे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु संबंध वाटतो तितका दूरचा नाही. 1956 साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘भेल’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या अवजड विद्युत सामग्रीच्या कारखान्याने या शहराचा हा भाग घडविला, आणि ज्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे रोहित्रांच्या सान्निध्यात गेली अशी मराठी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांची मूळ घरे आजही कोकणात आहेत, आणि त्या जूनमध्ये गावाकडचे दूरध्वनी मुके झाले तेव्हा येथील घरांतही कित्येक रात्री झोप लागली नाही. शिवाय त्याच वादळाचे अवशेष सह्याद्री ओलांडून, उत्तर महाराष्ट्र व विदर्भाच्या वाटेने क्षीण होत होत, दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशात पाऊस घेऊन आले होते. आणि वादळाचे नाव बाजूस ठेवले, तरी वैशाख-ज्येष्ठात येथे सायंकाळी जी आंधी सुटते, तिच्या झोताने रस्त्याकडेच्या वृक्षाची एखादी फांदी तारांवर कोसळून अर्धी वसाहत अंधारात बुडते आणि वीज कंपनीची शिडी लावलेली गाडी मध्यरात्री गल्लीत शिरते, तेव्हा कोकणात हजारो ठिकाणी जे घडले त्याचेच लघुरूप आपल्या दारात उभे असते.

वादळाने खांब पाडले, असे आपण सहज म्हणून जातो. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे पुढील सारी उपाययोजना चुकीच्या दिशेने जाण्याचा संभव असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठ किलोमीटरचा वारा एकशेवीसचा झाला की त्याचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो, हे शाळकरी गणित आहे. परंतु बांधकामांवरील वाऱ्याच्या भारासंबंधी भारतीय मानक ब्यूरोची जी 875 क्रमांकाची संहिता आहे, तिच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर आणि आमच्या भोपाळसाठी 39 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी अनुक्रमे सुमारे 158 आणि 140 किलोमीटर. निसर्ग वादळाचा सलग वेग ताशी सुमारे 110 किलोमीटर होता आणि झोत त्याहून काहीसे अधिक. विजेच्या खांबांचे हिशेब वेगळ्या कोष्टकांवरून होतात ही गोष्ट खरी. तथापि निकोप खांब, योग्य खोलीवर रोवलेला, आधाराची ताणाची तार नीट बसविलेला आणि तारांवर दुसऱ्या कशाचाही भार नसलेला, अशा वाऱ्यात बहुधा उभा राहावयास हवा होता. तसे असता खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. याचा अर्थ असा, की पाडणारा केवळ वारा नव्हता.

पहिला कारक म्हणजे झाड. कोकणातील लघुदाब वाहिनी ही प्रायः वाडीतून जाते. तिच्या दोन्ही बाजूंस पोफळी, नारळ, मध्येच आंबा-फणस, आणि हे सर्व तारांहून उंच. पोफळ मोडून तारांवर पडते तेव्हा ती केवळ तार तोडीत नाही. पडत्या खोडाचा सारा भार तार दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यावर नेऊन टाकते. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची जी मोहीम दरसाल निघते, ती गुलमोहराच्या किंवा निलगिरीच्या बाबतीत ठीक आहे. परंतु नारळाला आणि पोफळीला फांद्याच नसतात. त्यांचा वाढता कोंब माथ्यावर एकच, आणि तो छाटला की झाड मेलेच. म्हणजे येथे छाटणीचा उपाय चालत नाही. एकतर झाड ठेवावयाचे किंवा तार. आणि ज्याचे पोट त्या झाडावर आहे, ज्याने ते लावून फळासाठी कित्येक वर्षे वाट पाहिली आहे, त्या बागायतदाराला झाड तोडू दे म्हणून सांगणे हा अन्याय होय. तेव्हा वाट वाकवावयाची तर ती तारेची. वाडीच्या पोटातून जाणारी वाहिनी रस्त्याच्या कडेने न्यावी, आणि जेथे तेही शक्य नाही तेथे उघड्या तारांच्या जागी आवेष्टित, पीळ दिलेली एकत्रित केबल टांगावी, की जिच्यावर झावळी पडली तरी ठिणगी उडत नाही आणि खोड पडले तरी पुष्कळदा ती न तुटता केवळ लोंबकळते. हा एक मुद्दा जरी वाचकाच्या मनात ठसला, तरी या पुस्तकाचा निम्मा हेतू सफल झाला असे मी समजेन.

दुसरा कारक खांबाच्या घडणीत आहे, आणि तो सामान्य माणसास ठाऊक नसतो. गावोगावी दिसणारा सिमेंटचा खांब पूर्वताणित काँक्रीटचा असतो. त्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा असतात, आणि त्याचा छेद चौरस नसून आयताकृती असतो. तो तारांना काटकोनात येणारा वारा सहन करण्यासाठी बनविलेला असतो. तारांच्या दिशेत त्याची ताकद त्या मानाने फार थोडी, केवळ एक चतुर्थांशाच्या आसपास, असली तरी चालते असे गृहीत धरलेले असते. नेहमीच्या दिवसांत यात काही बिघडत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या तारा खांबाला सारख्याच जोराने ओढीत असतात आणि ती ओढ एकमेकींस फेडून टाकते. परंतु एका बाजूची तार झाडाखाली तुटली की दुसऱ्या बाजूची ओढ एकाकी उरते, खांब आपल्या दुर्बळ अंगाने मोडतो, त्याच्या मोडण्याने पुढचा खांब उघडा पडतो, आणि एका पोफळीचे निमित्त होऊन दहा-बारा खांबांची रांग लागोपाठ आडवी होते. निसर्गानंतर किंवा पुढच्या वर्षीच्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्याने प्रवास केलेल्यास हे दृश्य आठवेल : खांब बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर तुटलेला, काँक्रीटचा भुगा झालेला, आणि आतील पोलादी तारा उघड्या पडून, वाकून, सर्व एकाच दिशेला वळलेल्या. सर्व एकाच दिशेला, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. ठरावीक अंतरावर एक खांब असा असावा की ज्याला चारी बाजूंनी ताण दिलेले आहेत, किंवा दोन खांबांची जोडरचना असावी, की पडझडीची लाट तेथे येऊन थांबेल. अभियंत्यांच्या नियमपुस्तकांत ही तरतूद फार पूर्वीपासून आहे. प्रत्यक्षात ताणाची तार कोणाच्या कुंपणाच्या आड येते म्हणून सोडून दिलेली, कोठे गुरे बांधावयास वापरली जाते, कोठे गंजून तुटलेली आणि पुन्हा न बसविलेली आढळते. वाहिनी उभारताना ताण लागतो; ती उभी राहिल्यावर मात्र त्याची आठवण कोणास राहात नाही.

तिसरा कारक पायाचा. खांबाच्या एकूण लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत असावा असा दंडक आहे. म्हणजे नऊ मीटरच्या खांबाला दीड मीटर खड्डा. जांभ्याच्या कातळात पहारीने दीड मीटर खणणे ही काय गोष्ट आहे, हे ज्याने खणले त्यालाच ठाऊक, आणि म्हणून कातळ लागला की खड्डा उथळ सोडण्याचा मोह होतो. खाडीकाठच्या मळईच्या जमिनीत याच्या उलट, खड्डा झटकन होतो पण पावसाने माती सैल होऊन खांब कलतो. तेथे बुंध्याभोवती काँक्रीटचा भक्कम गळपट्टा हवा. लोखंडी खांबांची तऱ्हा आणखी निराळी. खाऱ्या वाऱ्याने ते नेमके जमिनीच्या पातळीवर, जेथे ओल आणि हवा एकत्र येतात, तेथे खंगत जातात. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्र्याएवढी जाडी उरलेली असते. चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर खारट तुषारांचा थर बसून दमट रात्री वीज त्यावरून सरपटते, हेही किनाऱ्याचेच दुखणे आहे. देशावरच्या कोष्टकाबरहुकूम बांधलेली वाहिनी किनाऱ्यावर तितकी वर्षे टिकत नाही, आणि ती टिकेल असे धरून देखभालीची रक्कम मंजूर होत असेल तर दोष वादळाचा नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या संहितेची 2015 साली सुधारून काढलेली आवृत्ती चक्रीवादळी प्रदेशासाठी वाढीव गुणक सांगते. पण तो पूर्व किनाऱ्यासाठी आणि पश्चिमेस गुजरातच्या किनाऱ्यासाठी, समुद्रापासून सुमारे 60 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यास लागू आहे. कोकण त्यात येत नाही. इतिहास पाहता हे अनाकलनीय नाही. बंगालच्या उपसागराने 1977 च्या नोव्हेंबरात आंध्रची दिवी सीमा बुडविली, 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशात महाचक्रीवादळ आणले. त्या मानाने अरबी समुद्र कोकणाशी सौम्यपणे वागत आला होता. परंतु नोव्हेंबर 2009 मध्ये फयान, जून 2020 मध्ये निसर्ग, आणि वर्ष भरण्यापूर्वीच मे 2021 मध्ये तौक्ते, जे सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेले आणि 17 मेच्या रात्री दीव-उनाजवळ जमिनीवर आले; ही मालिका पाहिल्यानंतर कोकणाला निर्धास्त किनारा म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता दुरुस्तीकडे वळू. वादळ ओसरल्यानंतर विजेचा प्रवाह ज्या क्रमाने परत येतो तो क्रम लोकांना पक्षपाताचा वाटतो. वस्तुतः तो जाळ्याच्या रचनेतून आलेला असतो. प्रथम महापारेषणचे उंच मनोरे आणि अतिउच्चदाब वाहिन्या, मग उपकेंद्रे, मग उपकेंद्रांतून निघणारे उच्चदाब फीडर, त्यांतही रुग्णालय, पाणीपुरवठा आणि दूरसंचाराचे मनोरे ज्यांवर आहेत ते आधी. त्यानंतर गावचे रोहित्र, मग लघुदाब तारा, आणि सर्वांत शेवटी खांबापासून घरापर्यंतची जोडणी. फीडरच्या टोकाला असलेल्या वाडीचा क्रमांक म्हणून अखेरचा. तालुक्याच्या गावी दिवे लागलेले दुरून दिसत असताना आपल्या घरात आठवडेच्या आठवडे चिमणी पेटवावी लागणे किती क्लेशकारक असते, हे मी जाणतो. परंतु त्या क्रमाला उलटविण्याचा मार्ग नाही. त्याला छेद देणारा उपाय एकच, की टोकाच्या गावाला दुसऱ्या बाजूनेही पुरवठा मिळेल अशी जोडवाहिनी आधीच बांधून ठेवावी.

2020 चे ते दिवस टाळेबंदीचे होते. मजूर गावोगावी परतलेले, वाहने बंद, प्रवासावर निर्बंध. अशा काळात महावितरणच्या राज्यभरातील इतर परिमंडळांतून तंत्रज्ञ आणि ठेकेदारांची माणसे रायगड-रत्नागिरीत आली, आणि जी गावे त्यांनी पूर्वी पाहिलीही नव्हती तेथे, अनोळखी वाटांनी, पावसाळा तोंडावर असताना कामास भिडली. रस्त्याच्या कडेचा खांब क्रेन उभा करते. पण वाडीत क्रेन शिरत नाही. तेथे कित्येक मणांचा काँक्रीटचा खांब दोरांनी बांधून, बल्ल्या आडव्या घालून, माणसे खांद्यावर वाहून नेतात. दगडी गडग्यावरून चढवितात, पाटाच्या पाण्यातून उतरवितात. खड्ड्याशी बुंधा टेकवून एकजण पहार आडवी धरतो, दोघे दोन्ही बाजूंचे दोर सांभाळतात, आणि उरलेले बल्ल्यांच्या कैचीचा आधार देत देत, एका सुरात हाळी देऊन, तो हातभर हातभर उचलतात. एक दोर सैल पडला तर खांब ज्याच्यावर येईल त्याला वाचविणारा कोणी नसतो. पुढे तोच वायरमन कमरेला पट्टा बांधून वर चढतो, कातरी बसवितो, रोधक आवळतो, तार ओढून तिचा झोळ नजरेने जमवितो. या कसबाला पदवी नाही, पण कसब आहे.

आणि येथेच माझ्या मनातली मुख्य गोष्ट येते. दुरुस्ती आणि बळकटीकरण ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि आपल्याकडे पहिले झाले की दुसरे झाले असे मानण्याची रीत पडली आहे. वादळानंतरच्या घाईत वरिष्ठांचा हुकूम एकच असतो, दिवे लावा; आणि तो योग्यच असतो. त्या घाईत जो खांब मिळेल तो, जेथे जुना होता तेथेच, जितका खड्डा होईल तितक्यात, त्याच पोफळींच्या मध्ये उभा राहतो. दिवे लागतात, हारतुरे होतात, आणि ज्या दुर्बलतेने वाहिनी पडली ती जशीच्या तशी परत रोवलेली असते. या हारतुऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना ते मिळतात ती माणसे त्याहून अधिकास पात्र आहेत. तक्रार आहे ती त्यानंतरच्या दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतच्या शांत महिन्यांबद्दल, की ज्यांत घाईने उभारलेली प्रत्येक वाहिनी पुन्हा तपासून, वाट बदलून, ताण बसवून पक्की करावयास हवी, आणि ज्यांत त्या कामासाठी ना स्वतंत्र तरतूद असते ना स्वतंत्र माणसे.

सगळ्या तारा जमिनीखाली घाला म्हणजे प्रश्न मिटला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 12 ऑक्टोबर 2014 च्या हुदहुद वादळाने विशाखापट्टणम उद्ध्वस्त झाल्यानंतर तेथे जागतिक बँकेच्या साह्याने भूमिगत वाहिन्यांचे मोठे काम हाती घेतले गेले; आपल्याकडे राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबागसारख्या किनारी शहरात तोच मार्ग अनुसरला गेला. दाट वस्तीच्या नगरांसाठी हा उपाय उत्तम आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. परंतु दरी-डोंगरांत विखुरलेल्या, एकेका रोहित्रावर पंचवीस-तीस घरे असलेल्या वाड्यांसाठी जांभ्यातून चर खोदून केबल पुरण्याचा खर्च कित्येक पट येतो. आणि पुरलेल्या केबलच्या सांध्यात खारे पाणी शिरले तर दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यातच दिवस जातात. तारा पुरण्याच्या स्वप्नाखातर तारा नीट टांगण्याचे काम लांबणीवर टाकले जाऊ नये.

बाहेरच्या जगाचे एकच उदाहरण देतो, कारण ते पुरेसे भयंकर आहे. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया वादळाने कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटाचे संपूर्ण वीजजाळे निकामी केले, आणि शेवटच्या वस्तीपर्यंत वीज पोहोचावयास सुमारे अकरा महिने लागले. त्या वादळाशी संबंधित मृत्यूंचा अधिकृत आकडा पुढे 2,975 असा सुधारण्यात आला. यांतील फार मोठा भाग वादळाच्या दिवशी मेलेल्यांचा नव्हता, तर नंतरच्या महिन्यांत वीज, पाणी, औषध यांवाचून गेलेल्यांचा होता. ओडिशाची गोष्ट याहून आशादायक आहे. 3 मे 2019 रोजी पुरीजवळ आलेल्या फनी वादळात तेथे लाखाहून अधिक खांब पडले, परंतु शेजारच्या राज्यांतून माणसे आली, आणि वादळांचा अनुभव असलेल्या त्या राज्याने मनुष्यहानी पूर्वीच्या मानाने फारच मर्यादित ठेवली. खांबांचा, तारांचा, रोहित्रांचा साठा किनाऱ्यापासून सुरक्षित अंतरावर तयार असणे आणि कोणत्या पथकाने कोठे जावयाचे हे आधीच कागदावर असणे, यांचे मोल अशा वेळी कळते. जो खांब वादळानंतर मागवावा लागतो तो उशिराच पोहोचतो.

पुढील प्रकरणांत या सर्वांचा तपशील आहे, आणि तो अभियंत्यांपुरता नाही. ग्रामपंचायतीच्या सभासदाने आपल्या गावच्या वाहिनीची वाट नकाशावर पाहावी. बागायतदाराने वाहिनी रस्त्याकडे हलविण्याची मागणी लेखी करावी आणि आपल्या हद्दीतील ताण तोडू नये. एक विनंती मात्र येथेच, आणि ती भोपाळच्या वाचकास जितकी तितकीच दिवेआगरच्या वाचकास. वादळानंतर अंधारात कंटाळून आपण घरी जनित्र लावतो, किंवा इन्व्हर्टरची जोडणी हाताशी येईल तशी करतो. मेन स्विच बंद न करता ते सुरू केले तर आपल्या घरातील वीज उलट्या वाटेने तारेत शिरते, गावच्या रोहित्रातून उलटी जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि वाहिनी मृत आहे असे समजून, रीतसर परवाना घेऊन खांबावर चढलेला वायरमन तिच्यावर हात ठेवतो. म्हणून जनित्राची दोरी ओढण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, आणि शेजाऱ्यालाही तसे सांगा.

साकेत नगर, भोपाळ